तेहेतीस ठोके

"सहा ठोके कमी आहेत," मी म्हणाले आणि छापलेला कागद भैरूमास्तरांच्या पुढ्यात सरकवला. "तुम्ही म्हणताय तेहेतीस. आलेत सत्तावीस. मोजा हवं तर."

मास्तरांनी कागदाला हात लावला नाही. पॅडवर ठेवलेली बोटं तशीच ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी तेहेतीस वाजवलं," ते म्हणाले. "तुझी पेटी खातीया."

"पेटी काही खात नाही, मास्तर. आलेला प्रत्येक ठोका इथं वेळेसकट लिहिला जातो. सेकंदाचे हजार तुकडे केले तर कितव्या तुकड्यात आला, तेसुद्धा. हातातून आलं ते कागदावर आहे. कागदावर नाही ते हातातून आलंच नाही."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. माझं वय एकोणतीस, कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसून मी एकटीनं अख्खा ड्रायव्हर लिहिलेला, आणि काही बिघडलं तर चूक माझी असेल हा विचार मी सगळ्यात शेवटी करायची. आधी जगातले बाकीचे सगळे.

त्या खोलीत आम्ही चौघं होतो. एक मी, राजमती मगदूम. दुसरे दिगंबर लोहार, आमचे मालक. त्यांना सगळे दिगूदादा म्हणायचे. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर ऑर्केस्ट्रावाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त केले, आणि मुलानं त्याच शेडमध्ये, एका बाजूला फौंड्री आणि दुसऱ्या बाजूला लेथ चालू असताना, रबराच्या आठ पॅडची एक पेटी तयार केली होती. पॅडवर मारलं की पेटीतून आवाज येत नाही, चिठ्ठी निघते: कुठल्या पॅडवर, किती जोरात, केव्हा. त्या चिठ्ठीला मिडी म्हणतात. ती चिठ्ठी संगणकातल्या संगीताच्या सॉफ्टवेअरला वाचून दाखवायची आणि मग तिथून ढोलकी म्हणा, हलगी म्हणा, हवा तो आवाज काढायचा. पेटीची भाषा वेगळी, संगणकाची वेगळी, म्हणून मधे एक दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर, आणि तो मी लिहिला होता.

तिसरे होते उदय साबडे, पुण्याचे संगीतकार. लावणीचा एक मोठा कार्यक्रम ते बसवत होते. बारा गाणी, वर्षभर गावोगावी प्रयोग. ढोलकी, हलगी, संबळ सगळं एकाच वादकानं एकाच पेटीवर वाजवायचं, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी त्यांना आमच्या पेट्या हव्या होत्या आणि एक पक्का हात हवा होता.

आणि तो हात म्हणजे चौथे, भैरू आवळे. एकसष्ट वर्षांचे, अंगानं काटकुळे, मनगटं मात्र पैलवानाची. चाळीस वर्षं ते तमाशाच्या एकाच फडात ढोलकी वाजवत होते. दोन वर्षांपूर्वी फड बंद पडला. तेव्हापासून बारशी आणि जागरणं. साबडेंचं काम मिळालं असतं तर मास्तर पुन्हा रंगमंचावर बसले असते. ते त्यासाठी इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"पुन्हा एकदा वाजवून बघू," दिगूदादा म्हणाले.

मास्तरांची एक सवय होती. तोंडानं म्हटल्याशिवाय ते वाजवायचे नाहीत. नवीन काही असो, जुनं असो, आधी बोल म्हणायचे, मग हात लावायचे. त्या सकाळी मला त्यांचं काही कळेना म्हणून मी त्यांना हळूहळू म्हणायला लावलं होतं आणि वहीत एकेक अक्षर सुटं लिहून घेतलं होतं. धा तिरकिट धा तिरकिट धा. अकरा ठोके. हेच तीनदा. तेहेतीस.

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा वाजवलं. स्पीकरमधून आलेलं तिरकिट पायाला खडा लागल्यासारखं लंगडत आलं. साबडेंनी मान खाली घातली. मी पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला. "सत्तावीस."

"मास्तर," साबडे फार सभ्यपणे म्हणाले, "वयाचं असतं थोडं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. एखाद्या ठाय, सावकाश लयीतल्या गाण्याला बोलावतो मी तुम्हाला."

मी त्यावर मान डोलावली. डोलावली मी, खोटं कशाला बोलू.

मास्तरांनी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राजाक्का, कागुद दे तो."

मी दिला. त्यांनी त्याची चार घड्यांची पुडी केली, सदऱ्याच्या खिशात घातली, दाराशी चपला घातल्या आणि गेले. तो मंगळवार होता.

शुक्रवारी दुपारी जेवणाचे डबे उघडल्यावर दिगूदादा म्हणाले, "भैरूमास्तर ढोलकी टांगणार म्हणे."

"टांगणार म्हणजे?"

"त्यांच्या घरातली रीत आहे. हात थांबला की ढोलकीच्या दोऱ्या ढिल्या करायच्या आणि पौर्णिमेला भैरोबाच्या देवळात खुंटीला टांगायची. बापानं टांगली, चुलत्यानं टांगली. एकदा टांगलेली कुणी काढत नाही. पुढच्या रविवारी पौर्णिमा आहे."

"पण बारशी, जागरणं?"

"तेही बंद. घेतलेल्या सुपाऱ्या परत करून आलेत. हात गेला म्हणाले."

मला वाईट वाटलं. पण कसं, तर डॉक्टरला वाटतं तसं. रोग खरा होता, मी फक्त नाव सांगितलं. तरी घास काही गोड लागेना. म्हणून मी ठरवलं, मास्तरांना नीट समजावून सांगू. हात नेमका कुठं कमी पडतोय, कुठल्या जागी, ते दाखवू. एखादा रियाज करून सुधारत असेल तर बिचारे सुधारतील. बिचारे, असंच म्हणाले मी मनात.

डबा बाजूला सारला, वही काढली. एका बाजूला मंगळवारी लिहून घेतलेली तेहेतीस अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला लॉगमधले, म्हणजे संगणकाच्या नोंदीतले, सत्तावीस ठोके. प्रत्येक अक्षरासमोर त्याचा ठोका लिहीत गेले. धा आला. ति आला. र नाही. कि आला. ट आला. धा आला. ति आला. र नाही.

सहाही तिरकिटांत हेच. ति आहे, र नाही, कि आहे, ट आहे. दुसऱ्या वेळच्या वाजवण्याचा लॉग काढला. तिथंही तेच, सहाच्या सहा र गायब आणि बाकी एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

मी पेन खाली ठेवलं. थकलेला हात इतका नेमका चुकत नाही. थकलेला माणूस कधी ति गाळेल, कधी ट गाळेल, एखादं तिरकिट चुकून बरोबरही येईल. बारापैकी बारा वेळा एकच अक्षर गाळायला माणूस लागत नाही. त्याला नियम लागतो. आणि त्या खोलीत नियम लिहिणारी एकच बाई होती.

पेटी ओढून घेतली आणि मास्तर जसं वाजवायचे तसं करून बघितलं. ति आणि र दोन्ही उजव्या हातानं, एकाच पॅडवर लागोपाठ पडणारी तेवढीच दोन अक्षरं, आधी मधली बोटं आणि लगेच पहिलं बोट. मला त्यांच्या वेगाच्या अर्ध्यानंही जमेना. मग दोन्ही हातांचं एकेक बोट घेऊन टपटप मारलं. रबरावर दोन टपके मला स्वतःला ऐकू आले. स्पीकरमधून एकच आवाज आला. लॉगमध्ये एकच ओळ उमटली.

मग कोड उघडला. उघडायच्या आधीच मला आठवलं होतं, पण माणूस तरीही उघडून बघतो.

झालं होतं असं. पहिल्या पेट्यांची रबरं हलकी होती. काठीनं एकदा मारलं की पॅड थरथरायचं आणि एका ठोक्याच्या दोन चिठ्ठ्या निघायच्या. ऑर्केस्ट्रावाले सगळे काठीनं वाजवणारे, त्यांच्या तक्रारी आल्या. म्हणून मी ड्रायव्हरमध्ये एक चाळण घातली: एका पॅडवर ठोका आला की सेकंदाच्या हजार भागांपैकी ऐंशी भाग होईपर्यंत त्याच पॅडवरचा दुसरा ठोका खोटा समजायचा आणि टाकून द्यायचा. काठीनं इतक्या लवकर दुसरा ठोका कुणी मारू शकत नाही, हा माझा हिशोब. बरोबरच होता, काठीपुरता. लॉगमध्ये ति पासून कि पर्यंत एकशेवीस भाग होते, म्हणजे मास्तरांच्या ति आणि र मध्ये साठ भागांचं अंतर होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी लॉगमध्ये ते दिसलं असतं. पण लॉग लिहिणारी ओळ मी चाळणीच्या खाली घातली होती. आधी गाळायचं, मग जे उरलं त्याची नोंद करायची. कारण काय, तर लॉग स्वच्छ दिसतो. म्हणजे माझ्या दुभाष्यानं शब्द गाळले आणि वर मीच त्या दुभाष्याची साक्ष काढून मास्तरांच्या पुढ्यात सरकवली, की बघा, हे तुम्ही बोललाच नाहीत.

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही फारशी नाही.

दिगूदादांना बोलावून सगळं दाखवलं. त्यांनी दोनदा विचारलं, दोनदा मी सांगितलं. मग ते स्टुलावर बसले.

"दुरुस्त व्हायला किती वेळ?"

"झालं दुरुस्त. बोटांसाठी वेगळा आकडा, काठीसाठी वेगळा. आणि लॉग वर नेला, चाळणीच्या आधी."

"मग नवा ड्रायव्हर टाकू. सोमवारी साबडे पेट्या न्यायला येतायत, त्यांना नवा लावून देऊ. मास्तरांना मी निरोप धाडतो. म्हणतो, तुमच्या हाताला जुळेल असं यंत्र करून घेतलंय, या वाजवायला."

"आणि मंगळवारचं?"

"मंगळवारचं मंगळवारी. साबडेंना सांगितलंस की यंत्रात खोट होती, तर ते पेट्याही घेणार नाहीत आणि पुढं तुझ्या शब्दाला किंमतही देणार नाहीत. मास्तरांचं काम झाल्याशी कारण. ते वाजवतील की नाही परत?"

मला दिगूदादांचा राग आला नाही. माणूस वाईट नव्हता. तीन वर्षं त्या पेटीपायी त्यांनी घर वाऱ्यावर सोडलं होतं. पण त्यांचं म्हणणं मी मनात एकदा पुरतं चालवून बघितलं.

"दिगूदादा, तुमच्या हाताला जुळेल असं केलं म्हटलं तर मास्तरांना काय वाटेल? म्हाताऱ्यासाठी यंत्र हळू केलं. ते वाजवतील, तुमच्या शब्दाखातर वाजवतील. पण हात गेला हे त्यांच्या डोक्यातून निघणार नाही. मरेपर्यंत."

"वाटू दे की थोडं."

"नाही. ते मी घातलंय, मीच काढणार."

"आणि साबडेंना?"

"त्यांनाही मीच सांगणार. तुम्ही नुसतं तिथं उभं राहा."

दिगूदादा बराच वेळ डब्याचं झाकण बोटांनी फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "जा. पण स्कूटरमध्ये पेट्रोल घाल आधी."

वडणग्याला मास्तरांचं घर गावाच्या टोकाला होतं. शनिवारी सकाळी नऊला पोचले. पाठीवरच्या पिशवीत पेटी आणि लॅपटॉप, हातात वही. हौसाकाकू, म्हणजे मास्तरांच्या घरच्या, अंगणात धान्य निवडत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सुपावरून मान वर केली.

"तूच व्हय ती? कागदवाली?"

"हो."

"बस. च्या करतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही करतो, जातो असंच म्हणतात. "त्यांना हाक मारतो. तीन दिस झालं, एक भाकरी धड खाल्ली न्हाई बघ त्यांनी."

आत देव्हाऱ्याखाली ढोलकी होती. दोऱ्या ढिल्या केलेल्या, कड्या एका बाजूला घसरलेल्या. तिच्याच खाली माझा तो कागद चार घड्या घालून ठेवला होता.

मास्तर आले, भिंतीला टेकून बसले. मी उभ्या उभ्याच बोलले. बसून बोलायची हिंमत नव्हती.

"मास्तर, तुम्ही तेहेतीस वाजवले होते. दोन्ही वेळेला. सहा मी खाल्ले. तुमचा हात बरोबर आहे, माझं लिहिलेलं चुकलंय."

मग सगळं सांगितलं. चाळण, ऐंशी, साठ, लॉगची जागा. मधे मधे त्यांना कळत नव्हतं, तेव्हा पुन्हा सांगितलं. र गळतोय म्हटल्यावर मात्र त्यांना लगेच कळलं. त्यांनी मांडीवर ति आणि र वाजवून बघितला, अगदी हलक्या बोटांनी.

"म्हंजे हात हाय," ते म्हणाले.

"आहे."

"आणि कागुद?"

"कागद खोटा."

हौसाकाकूंनी चहा आणून ठेवला, तो कुणी उचलला नाही.

"राजाक्का," मास्तर म्हणाले, आणि आवाज चढवला नाही म्हणून ते मला जास्त लागलं, "मी तीन दिस घास उचलताना हात बघतोय. पाणी पिताना बघतोय. नातीला उचलून घेतली न्हाई, म्हटलं हातातनं सुटली तर? बापाचा हात थांबला तवा त्यो सत्तर वर्सांचा हुता. मी म्हटलं, मला धा वर्सं आधी कशी आली पाळी? काय पाप केलं मी? तू चूक केलीस ते एक. पर तू म्हणालीस, कागदावर न्हाई ते हातातनं आलंच न्हाई. ते का म्हणालीस?"

"मला वाटत होतं, माझं चुकत नाही."

"हं."

"चुकलं. माफ करा, मास्तर."

त्यांनी चहा उचलला. "माफीचं बघू मागनं. तिथं तिघांम्होरं म्हणालीस, हितं एकट्याला येऊन सांगतीस?"

"सोमवारी साबडे येतायत. त्यांच्यासमोर सांगते, दिगूदादांसमोर. तुम्ही या. नवीन लावून आणलंय, आत्ता वाजवून बघता का?" मी पिशवीकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे ती पिशवीत." मास्तरांनी कप खाली ठेवला. "यंत्रानं सांगितलं सत्तावीस, आता यंत्रच सांगंल तेहेतीस. त्याला काय, त्ये उद्या चाळीस सांगंल. मी सोमवारी येतो. पर मी वाजवणार आणि म्हणायचं तू. तोंडानं. सगळ्यांम्होरं, माझ्या लयीत. तुझं तोंड आणि माझा हात जुळला तर मग बघू यंत्र काय म्हणतंय ते."

"मास्तर, मला गाण्यातलं काही येत नाही."

"म्हणून तर कागुद लागतोय तुला. जुळलं तर ही टांगणार न्हाई." त्यांनी ढोलकीकडे मान केली. "न्हाई जुळलं तर पुढच्या रविवारी, पुनवंला, तूच यायचं देवळात, खुंटी ठोकायला. हाय कबूल?"

हौसाकाकू दारातून म्हणाल्या, "आवं, तिच्या जिभंवर कशाला टाकताय?"

"तिनं माझ्या हातावर टाकलंतं न्हवं?"

मी कबूल म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

दहा वाजता बसवलं त्यांनी मला, आणि तीनपर्यंत उठू दिलं नाही. मधे हौसाकाकूंनी पिठलं-भाकरी वाढली, तेवढीच विश्रांती. त्या दिवशी मास्तरांनी दोन भाकरी खाल्ल्या. धा तिरकिट धा तिरकिट धा. हळू म्हटलं की येतं. जरा लय वाढली की जीभ वळेना. ति आणि र एकमेकांत शिरायचे आणि बाहेर यायचं नुसतं 'टिक्कट'.

"र गिळतीस बघ," मास्तर म्हणाले. "तुझी पेटी तुझ्यावरच गेलीया."

मलाही हसू आलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

"जीभ टाळ्याला चिकटवून ठिवू नको. र म्हणायचा न्हाई, र वरनं घसरायचं. इंजिनेर हायस न्हवं? कर की डोकं."

रविवारी घरी दिवसभर तेच चाललं होतं. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना. आईनं शेवटी विचारलं, "राजू, देवाचं नाव सोडून हे काय म्हणतीस?" मी म्हटलं, प्रायश्चित्त. ती म्हणाली, मग चालू दे.

सोमवारी अकरा वाजता साबडे आले. गाडी दारात चालूच ठेवली होती, पेट्या उचलून निघायचा बेत. पुण्यातला एक तरुण वादक त्यांनी जवळजवळ ठरवला होता. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर आधीच येऊन बसले होते, तोच इस्त्रीचा सदरा घालून. साबडेंना ते तिथं असल्याचं जरा अवघड झालं.

मी दार लावलं आणि मधे उभी राहिले.

"साबडेसाहेब, गेल्या मंगळवारी मी या खोलीत म्हणाले की मास्तरांच्या हातातून सहा ठोके आले नाहीत. ते आले होते. माझ्या ड्रायव्हरनं ते टाकून दिले, आणि टाकून दिल्यावर मोजणी केली. मास्तरांचा हात इतका जलद चालेल हे मी धरलंच नव्हतं. खोट यंत्रात होती, ती मी केलेली होती. मास्तरांत नव्हती."

दिगूदादा जमिनीकडे बघत होते. साबडेंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. "मॅडम, हे तुम्ही मला फोनवर सांगू शकला असता."

"मंगळवारी फोनवर नव्हते बोलले."

साबडेंनी बाहेर जाऊन गाडी बंद करायला सांगितली आणि परत येऊन बसले.

मास्तर पेटीपुढं आले. बोटं पॅडवर ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं. "म्हण."

तिघं पुरुष, त्यातले दोघं आयुष्य संगीतात घालवलेले, आणि मी, जिनं शाळेत प्रार्थनासुद्धा नुसते ओठ हलवून म्हटली. पण मला एक गोष्ट येत होती. अकरा अक्षरं, तीनदा. ती मी दोन दिवसांत हजार वेळा म्हटली होती. मी डोळे मिटले नाहीत, त्यांच्या मनगटाकडे बघितलं, आणि ते हललं तशी सुरुवात केली.

धा तिरकिट धा तिरकिट धा.

पहिल्या आवर्तनाला मी घाईत होते, त्यांनी आपल्या ठोक्यांनी मला मागं आणलं. दुसऱ्याला आम्ही बरोबर होतो. स्पीकरमधून तिरकिट आलं ते असं आलं की साबडे खुर्चीत पुढं सरकले. तिसऱ्याला मास्तरांनी लय चढवली. सांगितलं नव्हतं, चढवली. मला कळलं की ते मला सोडून जातायत आणि मुद्दाम जातायत. मी र वरून घसरले, त्यांच्या मागोमाग, एकदा, दोनदा, आणि शेवटच्या धा वर त्यांचा हात आणि माझं तोंड एका ठिकाणी पडलं.

लेथचा आवाज तेवढा शेजारून येत होता. दिगूदादा वाकून पडद्याकडे बघत होते. "तेहेतीस," ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच पुन्हा, "तेहेतीस आहेत."

मास्तरांनी पडद्याकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"र आला," ते म्हणाले.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. त्यानंतर मी कितीतरी यंत्रांचे ड्रायव्हर लिहिले, आणि माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच सांगते: आत येणाऱ्याची नोंद आधी, गाळणं नंतर. का, ते सांगत बसत नाही. ते खरं त्या खोलीत असलेल्या चौघांचंच आहे.

त्या सोमवारी साबडेंनी खिशातून डायरी काढली. पुण्याच्या वादकाचं पुढं काय झालं मला माहीत नाही, त्या दिवशी त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. डायरीची पानं उलटत त्यांनी विचारलं, "मास्तर, तालमी याच आठवड्यात सुरू करू म्हणतो. रविवारी जमेल का तुम्हाला?"

मास्तर सदऱ्याच्या बाहीनं पॅडवरची धूळ पुसत होते.

"जमंल की," ते म्हणाले. "रविवारी देवळात एक काम हुतं. ते आता ऱ्हायलं न्हाई."